सोवळ्यातली चकली

ऋजुतानं घरमालकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती साडेतीन फूट लांब होती.

बाकी सगळं तिनं खरं सांगितलं होतं. गाव सांगली, नोकरी आयटीत, लग्न झालेलं नाही, ठरलेलंही नाही, आणि ठरवायची घाईही नाही. चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या दोन काचेच्या ऑफिसांच्या मध्ये वादिराजमामांचं जुनं बैठं घर अंग चोरून उभं होतं. त्याच्या गच्चीवरची खोली भाड्यानं मिळेल असं कळलं, तेव्हा ती मुलाखतीला आल्यासारखी तयार होऊन आली होती. वादिराजमामा बँकेतून निवृत्त झालेले. नियम सांगायला त्यांना खुर्ची लागायची. खुर्चीत बसून त्यांनी बजावलं की या घरात अंडं नाही, मांस नाही, जनावर नाही, आणि गच्चीवरच्या पडवीत जो बांबू आडवा टांगलाय त्याच्यावरच्या कपड्याला हात नाही. ते सोवळ्याचे कपडे. त्यांची बायको अंबुजामामी ते काठीनं वर टाकणार, काठीनंच खाली काढणार. मध्ये कुणाचा वारासुद्धा लागायला नको.

ऋजुता मान डोलावत राहिली. मान डोलावताना तिच्या मनात चकली होती.

चकली म्हणजे बॉल पायथन. आफ्रिकेतली जात, अजगराच्या कुळातली, पण स्वभावानं इतकी गरीब की कुणी मोठ्यानं शिंकलं तर वेटोळं करून त्यात डोकं लपवायची. त्या वेटोळ्यावरूनच तिचं नाव पडलं. ऑफिसातला उन्मेष कॅनडाला जाताना काचेची पेटी, सरकारी नोंदणीचे कागद आणि साप असा सगळा संसार ऋजुताच्या गळ्यात घालून गेला होता. ‘दोनच आठवडे सांभाळ, मग मी सोय करतो,’ म्हणाला होता. कॅनडात जाऊन त्यानं चांगला फ्लॅट घेतला, कुत्रा घेतला, आणि चकलीचं नाव काढलं की तो रेंज नाही म्हणायचा. पण आता त्यानं मागितली असती तरी ऋजुतानं दिली नसती. दिवसभर कॉम्प्युटरशी डोकं फोडून घरी आलं की मनगटाभोवती ते गार, जड, शांत वजन हळूहळू चढायचं, आणि तिला बरं वाटायचं. परक्या गावात तिला हात लावणारं दुसरं होतंच कोण?

नियम तर मोडलेच होते. जनावर होतंच, आणि जनावराला खायला गोठवलेले उंदीर लागायचे, तेही तिच्या छोट्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात होते. एकदा तिच्या खोलीतला फ्यूज उडाला आणि अंबुजामामी स्वतः वर आल्या. "तुझं आइस्क्रीम विरघळेल गं, दे, खालच्या फ्रीजात ठेवतें," म्हणून त्यांनी डबा उचललासुद्धा. त्यानंतर वीज येईपर्यंतची दुपार ऋजुतानं कशी काढली ते तिलाच ठाऊक. संध्याकाळी डबा परत आला तो जसाच्या तसा, वर एका वाटीत रसवांगी, वांग्यांचं आंबट सांबार. ऋजुतानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि रसवांगी चाटूनपुसून खाल्ली.

खरी चूक तिनं केली ती वेगळीच. सांगलीच्या मुलीला चेन्नईचा उकाडा सोसेना, म्हणून तिनं पहिल्या पगारात एसी बसवला आणि तो दिवसरात्र चालू ठेवला. आपल्याला गार वाटतंय म्हणजे चकलीलाही छान वाटत असणार, असा तिचा सरळ हिशेब. एसीनं खोलीतली हवा पापडासारखी वाळवून काढली. सापाला कात टाकायला ओल लागते. गेल्या खेपेला चकलीची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि डाव्या डोळ्यावरची पातळ चकती तिथंच चिकटून राहिली. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखी एक चकती असते आणि ती कातीबरोबर निघून जाते. चकलीची निघाली नाही. आता पुन्हा कात टाकायची वेळ आली होती. डोळे दुधाळ होऊन परत निवळले होते, पण डावा धुरकटच राहिला होता.

सापांची म्हणून जी एकुलती एक डॉक्टर तिला सापडली होती ती रंजनी. फोनवर सगळं ऐकून ती बराच वेळ हसली.

"समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतेस, आणि तुझा साप कोरड्या हवेनं आजारी? ही करामत मी पहिल्यांदाच ऐकतेय." मग तिचा आवाज बदलला. "हे बघ, आज एसी बंद. कोमट, उथळ पाण्यात बसव. मग ओला टॉवेल घालून डब्यात ठेव. ती स्वतः अंग घासून काढेल. तू ओढायचं नाही, नखानं नाही, चिमट्यानं तर नाहीच. या खेपेलाही ती चकती निघाली नाही तर सोमवारी घेऊन ये. दोन थर बसले की खाली संसर्ग होतो. मग डोळा जाऊ शकतो."

डोळा जाऊ शकतो, हे वाक्य घेऊन ऋजुता शनिवारभर हिंडत होती. आपल्या गारव्याच्या हौसेपायी एका मुक्या जिवाचा डोळा जाणार, या विचारानं तिला दोन घास गेले नव्हते.

आणि शनिवारच नेमका असा की घरात पाऊल टाकायची पंचाईत. दुसऱ्या दिवशी मामांच्या आईचं, त्रिपुरसुंदरीबाईंचं श्राद्ध. अंबुजामामींनी दुपारी नाहून आपलं सुती नऊवारी लुगडं धुतलं आणि काठीनं पडवीतल्या बांबूवर चढवलं. ओलंच्या ओलं लुगडं वरून खाली टपटपत राहिलं. बांबूचं एक टोक ऋजुताच्या खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं. ऋजुतानं आतून ते पाहिलं, एसी बंद म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडकीला पडदा ओढला, आणि चकलीला कोमट पाण्याच्या बादलीतून काढून टॉवेलसकट प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं. नाकापासची कात सुटली होती, पण गळ्याभोवती तिचा घट्ट पट्टा झाला होता. ऋजुताच्या बोटांना नुसती खाज सुटली होती. एक टोक धरलं असतं की सर्रकन निघालं असतं! तिनं हात पाठीमागे बांधून ठेवले.

"ऋजुता, लोकर ये गं! हा फोन मेला शरण्याला उलटी दाखवतो!"

खालून मामींची हाक. मामींची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेली, तिथल्या चिंचेत मुरलेली. ‘लवकर’ला ‘लोकर’, ‘कुठे’ला ‘कोट’, आणि ‘सगळं’ला ‘अस्क’. पहिल्या आठवड्यात ऋजुताला निम्मं कळायचं नाही. आता तिच्याच तोंडात ‘अस्क’ बसलं होतं. शरण्या ही मामींची लेक, कोइंबतूरला असायची आणि आईशी इंग्रजीत बोलायची. ऋजुतानं डब्यावर झाकण ठेवलं आणि धावत खाली गेली. झाकणाच्या कडीकडे तिचं लक्ष गेलं नाही.

फोन सुलटा झाला. पण मामी सोवळ्याच्या तयारीत, त्यांना इकडचं तिकडं शिवायचं नाही, म्हणून आणखी एक काम निघालं.

"सासूबाईंचा फोटो तेवढा भिंतीवरून काढून दे, कण्णा. उद्या हार घालायचा."

लाडात आल्या की मामी तिला ‘कण्णा’ म्हणायच्या. ऋजुतानं फोटो काढून पुसला. करारी चेहरा, घट्ट अंबाडा, आणि डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडल्यासारखा पांढरा ठिपका. तिचा हात थांबला.

"मोतीबिंदू," मामी लांबूनच म्हणाल्या. पुढ्यातलं लांबच लांब पडवळ त्या दूर धरून चिरत होत्या. "ह्यांनी तीनदा डॉक्टरकडून तारीख घेतली. तीनदा टॅक्सी दारांत आली की सासूबाई न्हाणीतून ओलं लुगडं नेसून बाहेर! ‘मी सोंवळ्यांत आहें, मज शिवूं नका.’ सोंवळ्यांतल्या बाईला टॅक्सींत कसं घालायचं, सांग? मग दुसरा डोळाही गेला. शेवटी शेवटी ह्यांच्या तोंडावर हात फिरवून पाहायच्या. तेही ह्यांनी आंघोळ केली असेल तर."

मामींना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळ्याचा कोपरा टिपला. ऋजुता मात्र ‘आलेच’ म्हणून जिन्याकडे पळाली.

डब्याचं झाकण तिरपं झालं होतं. टॉवेल होता, चकली नव्हती.

पलंगाखाली, कपाटामागे, बुटांत, एसीच्या मागे, उशीच्या अभ्र्यात, कुठं कुठं शोधलं तिनं. मग पडद्याचं एक टोक खिडकीच्या गजात अडकलेलं दिसलं. गजावर पातळ कातीचा नखाएवढा तुकडा होता. गजावरून बांबू, आणि बांबूवर...

ती पडवीत आली आणि मान वर करून उभी राहिली. लुगड्याच्या ओल्या घडीत, जिथं कापड सगळ्यांत जाड लोंबत होतं, तिथं काहीतरी हळूहळू सरकत होतं. घडीतून एक नाकाडं बाहेर आलं, सुती काठावर घासलं, पुन्हा आत गेलं. चेन्नईत ओल शोधायला निघालेल्या चकलीला अख्ख्या घरातली सगळ्यांत ओली जागा बरोबर सापडली होती. आणि अख्ख्या घरातली ती एकच जागा अशी होती जिला ऋजुतानं बोट लावायचं नव्हतं.

तिनं हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला.

"शिवूं नको!"

अंबुजामामी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं. ‘मामी, घाबरू नका, विषारी नाही,’ असं काहीतरी ती पुटपुटायला लागली.

"मज ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. त्यांची नजर लुगड्यावरून हलेना, पण आवाजात भीती नव्हती. "एक सांग. आइस्क्रीमला शेपूट असतं की गं?"

ऋजुताला जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दोन दिवस जेवलें नाही मी," मामी म्हणाल्या. "माझ्या फ्रीजांत, ताकाच्या शेजारी! फ्रीज धुतला, मी न्हालें, फ्रीज पुन्हा धुतला. ह्यांना वाटलं मला फ्रीजचं वेड लागलं. मग तू नोकरीवर गेल्यावर एक दिवस खिडकींतून पाह्यलें. ही अशी गोल बसलेली. आपली आपण. ना आवाज, ना मागणं. म्हटलं, असूं दे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललें असतें तर हे तुला काढते. आणि तू गेलीस तर मी मराठी कोणाशी बोलूं? शरण्या इंग्रजी बोलते, बाजार तमिळ बोलतो, आणि हे पेपराशी बोलतात."

ऋजुताला रडू आलं. मामींना मिठी मारावी म्हणून ती पुढे झाली, तशा मामी दोन पावलं मागे सरल्या. "शिवूं नको म्हटलें ना! उद्यां श्राद्ध आहे."

मग ऋजुतानं भराभर सगळं सांगितलं. एसी, कात, डोळा, डॉक्टर, सोमवार. आत्ता तिला ओढून काढली तर कात मध्येच फाटेल, डोळ्यावरची चकती कायमची बसेल. सोडून द्यायला हवी, जिथं आहे तिथं. मामी कान देऊन ऐकत होत्या. इतक्यात जिन्यात चपला वाजल्या.

वादिराजमामा गुडघ्यावर हात ठेवत वर आले. भटजींचा, शेषाद्रींचा फोन आला होता, पिंडांचे तीळ आणलेत का विचारत होते. तो फोन मामांच्या हातात अजून चालूच होता. "अंबू, तीळ..." एवढं म्हणून त्यांनी वर पाहिलं.

त्याच क्षणी चकलीनं लुगड्याच्या पदरातून डोकं बाहेर काढलं. गळ्याभोवती सुटलेल्या कातीची पांढरी झालर, आणि डावा डोळा धुरकट.

मामांच्या तोंडून एकच शब्द निघाला. "आई."

तो त्यांनी म्हटला आणि लगेच गिळला. पण मामींनी तो ऐकला होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा गिळलेला शब्दही ऐकू येतो, आणि त्याचं काय करायचं तेही तिला कळतं.

पुढच्या मिनिटाला मामा भानावर आले आणि मग त्यांचा बँकेतला आवाज लागला. साप! सोवळ्याच्या लुगड्यात साप! आत्ता अग्निशामक दलाला फोन करतो. हा आला कुठून? ऋजुतानं मान खाली घालून सांगितलं, कुठून आला ते. आठ महिने. काचेची पेटी. कागद आहेत. मामांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"तिसरा नियम!" ते म्हणाले. "उद्यांचं श्राद्ध होऊं दे. परवां तू आणि हें जनावर..."

"कोणाला काढतांत?" मामी मध्येच म्हणाल्या. "तिथी उद्यांची. लुगडं सोंवळ्याचं. डोळा डावा. आणि तुम्ही आत्तां हाक कोणाला मारलीत?"

"मी कोणाला हाक मारली नाही!"

"बेष. मग शेषाद्रींना विचारा, ते ऐकतांत." मामींनी फोनकडे बोट दाखवलं.

फोनमधून शेषाद्री भटजींचा आवाज आला. सोवळ्याच्या कपड्याला साप शिवला तर कपडा चालतो का, असं मामींनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, असा प्रश्न तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, पोथीत बघावं लागेल, आणि पोथी मांबलमच्या घरी आहे. तोपर्यंत सापाला दुखवू नये. आणि तीळ काळेच आणावेत. फोन बंद झाला.

"पोथी कशाला हवी?" मामी म्हणाल्या. त्यांना आता रंग चढला होता. "मी सांगतें. अंग ओलं आहे. नवं वस्त्र नेसते आहे. पोटांत अन्न नाही... ऋजुता, किती दिवस जेवली नाही ही?"

"कात टाकायच्या आधी खातच नाही. तीन आठवडे."

"तीन आठवडे उपास! आणि कोणाला शिवूं देत नाही. सोंवळं आणखी काय असतं हो? तुमच्या आईनंतर या घरांत इतकी सोंवळी बाई आली नव्हती."

शेवटी बँकेतल्या माणसाला सुचणारी एकच शंका मामांना सुचली. "तीन आठवड्यांपूर्वी काय खाल्लं?"

ऋजुतानं छताकडे पाहिलं.

"आइस्क्रीम," मामी म्हणाल्या.

आता करण्यासारखं काही नव्हतं. सापाला हात लावायचा नव्हता कारण कात फाटेल, आणि लुगड्याला हात लावायचा नव्हता कारण सोवळं मोडेल. तिघंही बांबूखाली माना वर करून उभे राहिले. मामांनी नंतर आपली खुर्ची मागवली. रागावण्यासाठी ती लागतेच, असं ते म्हणाले. ऋजुतानं ती खालून आणून दिली. मामी वाळणाऱ्या लुगड्याकडे बघून म्हणाल्या की याला पाणी कमी पडतंय. मग त्यांनीच न्हाणीतून तांब्या भरून आणला आणि कोमट पाण्याचा शिपका लांबूनच वर उडवला. निम्मा मामांच्या डोक्यावर पडला. ते आता रागावायचंही विसरले होते.

चकली घासत होती. घडीत शिरून काठावर, काठावरून बांबूच्या पेरावर, पुन्हा घडीत. एका क्षणी गळ्याचा पट्टा सुटला. ऋजुतानं ओठ दाबून धरले. मग मोजा उलटा काढावा तशी कात मागे मागे जायला लागली, आणि खालून काळ्यासोनेरी ठिपक्यांची, नुकती पॉलिश केल्यासारखी नवी चकली बाहेर येऊ लागली.

"अय्यो, केवढी सुंदर!" मामी पुटपुटल्या.

मामा खुर्चीत पुढे वाकले होते. "डोळा?" त्यांनी विचारलं. "त्या डोळ्याचं काय झालं? इथून दिसत नाही मला."

दिवेलागणीच्या सुमारास चकली लुगड्यातून सुटून बांबूवरून परत खिडकीच्या गजावर आली. तिथं ऋजुतानं तिला अलगद घेतलं. मागे लुगड्यात पूर्ण कात लटकत राहिली, शेपटाच्या टोकापर्यंत अखंड. मामींनी ती काठीनंच खाली पाडली. काठीनं काढलेल्याला दोष नसतो, हे त्यांनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

पण डोळा तपासता येईना. चकलीनं नव्या कोऱ्या अंगाचं वेटोळं केलं होतं आणि डोकं आत घातलं होतं. ती डोकं काढीना. कातीतल्या चकत्या बघायला हव्यात, असं डॉक्टर म्हणाली होती. मामा उठले, खाली गेले आणि पंचांग वाचायचं आपलं भिंग घेऊन आले. गच्चीवरच्या दिव्याखाली त्यांनी कातीचं डोकं तळहातावर पसरलं आणि वाकून बसले. उजवीकडे एक स्वच्छ, वाटोळी चकती होती. डावीकडे त्यांनी भिंग नेलं आणि आणखी खाली वाकले.

"मामा?" ऋजुतानं हाक मारली.

"दोन," ते म्हणाले. "एकावर एक बसलेल्या. जुनी आणि नवी. दोन्ही निघाल्या." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि नाक शिंकरलं. "परवांचं परवां बघूं. आतां तिळांचं बघायला हवं."

रविवारी श्राद्ध यथासांग झालं. मामींनी तेच लुगडं नेसलं. शेषाद्री भटजींना पोथीत काही सापडलं नव्हतं. पण गच्चीवरच्या पाहुण्याला ते दारातून बघून आले, आणि जेवायला बसताना त्यांनी पडवळाची भाजी नको म्हणून हात आडवा धरला.

संध्याकाळी वादिराजमामा वर आले. एकटे, आणि खुर्ची न मागता. ऋजुतानं आपली बॅग अर्धी भरून ठेवली होती. मामांच्या शब्दाला किंमत असते, आणि परवा म्हणजे उद्याच होता. मामांनी बॅगकडे पाहिलं, बंद असलेल्या एसीकडे पाहिलं, खिडकीत वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलकडे पाहिलं.

"ही माझी आई नाही," ते म्हणाले. "अंबूला वाटतं मी फसलों. तिला तसंच वाटूं दे, तिला फार बरं वाटतंय कालपासून. मी बँकेंत छत्तीस वर्षं खोट्या सह्या पकडल्या आहेत."

"हो मामा."

"पण त्या वेळीं, ती पदरांतून बाहेर आली ना, तेव्हां..." ते थांबले. "शेवटची पांच वर्षं आईला मी दिसलों नाही. रोज पुढ्यांत बसून जेवायचों. तिला नाही दिसलों."

ऋजुतानं पेटीचं झाकण सरकवलं. चकलीचं वेटोळं सुटत होतं. तिनं डोकं काढलं, जीभ लवलवली, आणि काचेच्या दिशेनं वळली. दोन्ही डोळे काळेभोर, स्वच्छ होते. मामा काचेसमोर वाकले. चष्मा काढून त्यांनी हातात धरला, बहुधा आपला चेहरा नीट दिसावा म्हणून.

"वादिराज," त्यांनी हळूच सांगितलं.

चकली हलली नाही. ती काचेपलीकडच्या त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिली. सापाला माणसाचा चेहरा कळत नाही, ऊब आणि हालचाल तेवढी कळते, हे ऋजुताला पक्कं ठाऊक होतं. शिवाय या घरात पुन्हा काहीही लपवायचं नाही, असं तिनं कालच स्वतःला बजावलं होतं.

"ओळखलं तिनं तुम्हाला, मामा," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस गं," वादिराजमामा म्हणाले. "ती बॅग रिकामी कर आधी." आणि चष्मा हातातच ठेवून ते पुन्हा एकदा काचेशी वाकले.